न्यू जर्सीचे पाच डॉलर धरमपेठेत कसे आणायचे?

गिरवणारी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत राहते. बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. तेव्हापासून घरी बसून मुलांना अक्षरं गिरवायच्या पीडीएफ बनवते. स्वर, व्यंजनं, बाराखडी, जोडाक्षरं असे संच. आधी जाऊबाईंच्या मुलांसाठी न्यू जर्सीला पाठवले. तिथल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या आयांनी मागितले. मग त्यांच्या मैत्रिणींनी. आता महिन्याला तीसचाळीस जणी विचारतात आणि वर "पैसे कुठे पाठवू?" असंही विचारतात. इथेच गाडी अडली आहे.

भाच्याने दोन दिवसांत वेबसाइट करून दिली. पैसे घेण्याच्या पानावर देशांच्या यादीत भारत निवडला तर उत्तर आलं, सध्या तुमच्या देशात नवीन खाती फक्त निमंत्रणावर. नाव नोंदवून चार महिने झाले. लग्नाची पत्रिका यावी तशी वाट बघते आहे.

दुसऱ्या एका कंपनीने खातं दिलं. पहिली विक्री झाली, ५ डॉलर! तेव्हा दर ८४ च्या आसपास, म्हणजे ४२० रुपये. बँकेत आले ३६१. पावती पाहिली तर ४.४ टक्के, वर ३० सेंट, आणि डॉलरचा रुपया करतानाचा त्यांचा स्वतःचा दर.

जाऊबाई म्हणतात, "आमच्या खात्यात घे ना, सहा महिन्यांनी येऊ तेव्हा रोख देऊ." भाचा म्हणतो, "मामी, अमेरिकेत कंपनी काढ." यजमान म्हणतात, "फुकट वाटून टाक, डोक्याचा ताप नको."

कुणी हे केलं आहे का? इंटरनेटवर सगळे याच विषयावर इंग्रजीत भांडत असतात. मराठीत भांडलेलं मला लवकर समजतं म्हणून इथे विचारते.

तर्री_पोहे

काहून एवढी फिकर करून राहिली ताई. रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आपल्याच गावात हाये, संविधान चौकात. गाडी काढ अन् जाऊन विचार ना थेट.

गिरवणारी

अधिवेशन चालू आहे हो भाऊ. तिकडचे अर्धे रस्ते बंद. परवा सदरला जायला पाऊण तास लागला.

जुना_मिहानकर

तुम्हाला ३६१ तरी मिळाले. आमची पिढी विचारा.

मी २००९ पासून बाहेरच्यांसाठी वेबसाइट करून देतो. मिहानमधली नोकरी नंतरची. तेव्हा पेपाल ही ऑनलाइन पैसे पाठवायची कंपनी सोडली तर आमच्यासारख्यांना सोपं दुसरं काही नव्हतं. २०१० च्या फेब्रुवारीत एका सकाळी भारतातली व्यक्तिगत पेमेंट बंद. मला एका कॅनेडियन माणसाकडून ६०० डॉलर यायचे होते, ते अडकले. मग रिझर्व्ह बँकेचे नियम आले आणि १ मार्च २०११ पासून एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा, आलेले पैसे सात दिवसांत बँकेत काढायचे, आणि खात्यातल्या शिलकेतून काही विकत घ्यायचं नाही. मी ६०० चं बिल ३०० आणि ३०० असं फोडायचो आणि क्लायंटला वाटायचं हा माणूस हिशेबात कच्चा आहे. पुढे मर्यादा ३,००० झाली, मग १०,०००.

१ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे घेणंही बंद केलं. आता बाहेरून येणारेच चालतात. म्हणून कुणी "माझ्या पुण्याच्या मावसबहिणीला पैसे पाठवता येत नाहीत" म्हणून रडलं तर तो वेगळा विषय.

सांगायचा मुद्दा, तुम्हाला आलेलं उत्तर तुमच्यावरचा राग नाही. देशाचा आणि अशा कंपन्यांचा जुना घरोबा आहे, त्यात आपण दाराशी उभे.

पुण्याचा_पाहुणा

मावसबहिणीला यूपीआय करा की. पुण्यात तर चितळ्यांकडे पण चालतं आता.

(दुपारी १ ते ४ सोडून.)

तर्री_पोहे

आला पुणेकर. आता धागा शंभरी गाठते.

खामल्याचा_बाळू

ताई, माझी एक चूक ऐका म्हणजे तुम्ही करणार नाही.

मी एकटाच कोडिंगची कामं घेतो. जर्मनीचा एक क्लायंट पाच वर्षं दर महिन्याला बँकेत थेट पैसे पाठवायचा. आमच्या शाखेत परदेशी पैसा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघायचे. पहिल्या वेळी एका साहेबांनी फॉर्म पुढे ढकलला, त्यात 'पर्पज कोड', म्हणजे पैसा कशासाठी आला ते सांगणारा कोड, असा रकाना होता. मी म्हटलं, काय लिहू? ते म्हणाले, "बाहेरून येते ना? लिहा पी१३०१." मी लिहिलं. पुढे दर महिन्याला तेच आपोआप लागत गेलं.

मग मनीषनगरला फ्लॅट बघितला, कर्जाला अर्ज केला. तिथला अधिकारी कागद चाळतो, चाळतो, आणि विचारतो, "तुमचं उत्पन्न कुठे आहे? हे तर घरच्यांनी पाठवलेले पैसे दिसतात." पी१३०१ म्हणजे अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या पालनपोषणासाठी पाठवलेली रक्कम! पाच वर्षं म्युनिकचा श्टेफान कागदोपत्री माझं कुटुंब पोसत होता. बायको शेजारी बसली होती, तिने तिथेच विचारलं, "आपलं जर्मनीत कोण आहे?"

सॉफ्टवेअरच्या कामाचा कोड पी०८०२ आहे, हे मला नंतर कळलं. जुन्या नोंदी सुधारायला सात महिने, प्रत्येक रकमेची पावती, प्रत्येक बिल. फ्लॅट तोवर गेला.

शून्य_मैल

बाळूभाऊ, श्टेफानला दिवाळीचा फराळ पाठवला की नाही? कुटुंबप्रमुख तो.

गिरवणारी ताई, भाचा बरोबर बोलतो आहे. अमेरिकेत डेलावेअर राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा. घरबसल्या होते, पाचशे डॉलरच्या आसपास खर्च. तिथलं बँक खातं मिळतं, मग कुठलीच पेमेंट कंपनी नाही म्हणत नाही. माझ्या ओळखीत तिघांनी केलं. देशच बदलून टाकायचा, यादीत भारत निवडायचाच नाही.

ताळेबंद

मी रामदासपेठेत सीए आहे, त्यामुळे वरचा प्रतिसाद वाचून चहा थंड झाला.

महिन्याला दोनशे डॉलरच्या विक्रीसाठी अमेरिकेत एलएलसी म्हणजे संत्र्याचं एक खोकं न्यायला ट्रक घेणं. एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला तिकडे दरवर्षी फॉर्म ५४७२ भरावा लागतो. कर शून्य असला तरी. विसरलात तर दंड २५,००० डॉलर. पंचवीस हजार, रुपये नाही. इकडे ती परदेशी गुंतवणूक ठरते, २०२२ च्या नियमांखाली बँकेमार्फत नोंदवायची, दरवर्षी अहवाल द्यायचा. तुमच्या तिघांनी हे केलंय का, विचारून बघा. मला उत्तर माहीत आहे, कारण असे तिघे माझ्याकडेही येतात, मार्चमध्ये, चेहरा पाडून.

जाऊबाईंच्या खात्याचंही सांगते. पैसा तिकडे जमा झाला म्हणजे तिथल्या खात्यात त्यांच्या नावाने उत्पन्न दिसणार. विक्री तुमची, कर विचारणार त्यांना. आणि निर्यातीचा पैसा बँकेच्या मार्गाने देशात आणायचा असतो, सुटकेसमधून नाही.

भारतच का अडतो, हे लोक नेहमी विचारतात. तीन गोष्टी एकावर एक चढल्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटची माहिती भारतातच साठवा. २०२० च्या मार्चमध्ये मधल्या कंपन्यांना, ज्यांना पेमेंट ॲग्रिगेटर म्हणतात, परवाना लागू केला. आणि ३१ ऑक्टोबर २०२३ ला सीमापार व्यवहार करणाऱ्यांसाठी वेगळं परिपत्रक काढलं, एका वस्तूला किंवा सेवेला कमाल २५ लाख रुपये. शिवाय बाळूंनी सांगितलेला पर्पज कोड प्रत्येक रुपयाला. बाहेरच्या कंपनीला हे सगळं करण्यापेक्षा दार अर्धं लावून ठेवणं सोपं वाटतं.

पण याचाच अर्थ असा की ज्यांनी हे सोपस्कार केलेत त्या भारतीय कंपन्यांकडे जा. उदाहरणार्थ कॅशफ्रीला २०२४ च्या जुलैत सीमापार परवाना मिळाला. वेबसाइटवर भारतीय गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सोय, लावायचा आणि त्यात 'आंतरराष्ट्रीय कार्ड' ही सोय मागून घ्यायची. आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

शून्य_मैल

मॅडम, ट्रक घेतल्यावर भाड्याने पण देता येतो.

(दंडाचं माहीत नव्हतं. तिघांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. एकाने अजून वाचलेला नाही, दुसऱ्याने वाचून उत्तर दिलेलं नाही.)

एक_शंका

ही आंतरराष्ट्रीय सोय मागून का घ्यावी लागते? कार्ड ते कार्ड.

जुना_मिहानकर

आपल्याकडे कार्डाने पैसे भरताना ओटीपी येतो ना? तो बाहेरच्या बऱ्याच कार्डांना येत नाही. नंबर टाकला, पैसे गेले. दोन महिन्यांनी तो माणूस बँकेला सांगतो की हे मी केलंच नाही, आणि पैसे उलटे ओढले जातात. चार्जबॅक म्हणतात त्याला. मग गेटवे तुमच्याकडून वसूल करतो, वर दंडही लावतो. म्हणून आंतरराष्ट्रीय सोय देताना ते वेबसाइट भिंगातून बघतात. संपर्काचं पान आहे का, परताव्याचे नियम लिहिलेत का, अटी आहेत का, वस्तू खरंच आहे का. माझ्या एका मित्राची वेबसाइट दोनदा नाकारली, कारण परताव्याच्या पानावर फक्त "परतावा नाही" एवढंच लिहिलं होतं. नागपुरी खाक्या.

इतवारी_किराणा

धाग्याच्या मधे बोलतो, माफ करा. आमचा सावजी मसाला दुबईचे लोक मागतात. पेमेंट हाच रस्ता का?

ताळेबंद

तुमचा रस्ता लांब आहे. पीडीएफ उडत जाते, मसाला विमानाने जातो. वस्तू निर्यात करायला आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक लागतो, शुल्क ५०० रुपये, ऑनलाइन मिळतो. जीएसटी नोंदणी लागेल. मसाला आहे म्हणून स्पायसेस बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी, आणि अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी. छोटी पार्सलं असतील तर डाकघर निर्यात केंद्रात विचारा. वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

इतवारी_किराणा

धागा नाही काढत मॅडम, दुकानातच येतो तुमच्या. मसाला घेऊन.

अक्षरवेडे_आजोबा

मला एक समजत नाही. मातृभाषा शिकवायचे पैसे? आमच्या काळी मास्तर घरी येऊन पाटी पुसून द्यायचे. परदेशातल्या लेकरांना आपली भाषा मिळते आहे, हेच मोल. पाच डॉलरसाठी एवढा खटाटोप बघून वाईट वाटलं.

गिरवणारी

आजोबा, राग मानू नका पण थोडं सांगते.

गेल्या आठवड्यात मी 'ळ' अकरा वेळा काढला. छापील फॉन्टमधला 'ळ' मुलांना गिरवता येत नाही, तो आडव्या आठासारखा दिसतो आणि कुठून सुरू करायचं ते कळत नाही. मुलं दोन वेगळे शून्य काढून मोकळी होतात. म्हणून मी बोरूने कागदावर काढते, स्कॅन करते, मग त्यावर ठिपके आणि बाण. पहिला बाण डावीकडच्या वाटोळ्याला, मग मधून वळण, मग उजवीकडचं वाटोळं, शेवटी वरच्या शिरोरेघेला जोडणं. अकराव्या वेळी माझ्या भाचीच्या मैत्रिणीला, वय वर्षं सहा, न सांगता जमला. तेव्हा तो पानावर गेला. असे बावन्न की काय वर्ण, आणि मग बाराखडी.

मास्तर पाटी पुसून द्यायचे, खरंच आहे. पण मास्तरांना पगार होता. माझा दोन वर्षांपूर्वी बंद झाला.

तर्री_पोहे

गिरवणारी ताई +१००. आजोबा, तर्रीचे पैसे घेतात ना पोहेवाले? ती बी संस्कृतीच हाये.

अक्षरवेडे_आजोबा

शब्द मागे घेतो. 'ळ' चं पान मला पाठवा, हात थरथरतो, माझा 'ळ' आता 'क' वाटतो. पैसे देईन. कसे देऊ ते सांगा, मी भारतातच आहे.

मेलबर्नची_मावशी

आजोबांच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. अगं गिरवणारी, तुझं सगळं गिऱ्हाईक कोण आहे? आमच्यासारख्याच ना, इथे येऊन राहिलेल्या? आमच्यातल्या कितीतरी जणींचं भारतात एनआरओ नाहीतर एनआरई, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं आहे. कुणाच्या फ्लॅटचं भाडं येतं, कुणाच्या आईबाबांसाठी ठेवलेलं. आणि २०२३ पासून आमच्या इथल्या मोबाइल नंबरावर त्या खात्याला यूपीआय जोडता येतं. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, यूएई असे दहाएक देश त्या यादीत आहेत. बँकेने ती सोय सुरू केलेली असावी लागते, एवढंच. मी तर इथे ट्राममध्ये बसून धंतोलीच्या फुलवाल्याला आईच्या वाढदिवसाचे पैसे देते.

मला क्यूआर दे, चारशे रुपये लगेच टाकते. कापाकापी शून्य.

गिरवणारी

मावशी!!! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चार महिने डॉलर डॉलर करत बसले. @ताळेबंद, हे चालतं का?

ताळेबंद

चालतं. एनआरओ खात्यातून भारतात रुपयात पैसे देणं हा साधा व्यवहार. तुमच्या हिशोबात ती रुपयातली विक्री, परकीय चलन नाही. त्यामुळे ती वेगळी लिहा, एका वहीत दोन रकाने. आयकरात दोन्ही उत्पन्नच.

जीएसटीचं कुणी विचारलं नाही पण विचारणार आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, गिऱ्हाईक परदेशात असलं तरी. त्याच्या वर गेलात तर नोंदणी आणि एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरून शून्य दराने निर्यात. तेव्हा पेढे घेऊन या. तरीही स्वतःच्या सीएला कागद दाखवा, मी इथे चेहरा नसलेली बाई आहे.

पुण्याचा_पाहुणा

यूपीआय नसलेल्यांचं काय? न्यू जर्सीच्या प्रत्येक बाईचं धंतोलीत फुलवालं नसतं. दुसऱ्या पिढीतल्या आया असतात, त्यांच्याकडे फक्त तिकडचं कार्ड.

(आणि हो, मी विनोद सोडूनही बोलू शकतो.)

जुना_मिहानकर

पाहुण्यांचा मुद्दा बरोबर. त्यांच्यासाठी गेटवेचं आंतरराष्ट्रीय कार्ड. हिशेब करून बघू. साधारण ३ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरा. ४२० रुपयांवर शुल्क बारा रुपये साठ पैसे, जीएसटी सव्वादोन. हातात ४०५. मुख्य फरक टक्क्यांचा नाहीच, तो ३० सेंटचा आहे. पाच डॉलरच्या वस्तूवर ३० सेंट म्हणजे सरळ सहा टक्के.

आत्ताच्याच कंपनीत राहायचं असेल तर एक एक संच विकू नका. पाच संचांचा गठ्ठा २५ डॉलरला. तुमच्याच पावतीच्या दराने २१०० पैकी १९०० च्या आसपास येतील. शेकडा चौदाची कापाकापी साडेनऊवर.

तिसरा प्रकार म्हणजे मधला विक्रेता. पॅडल, लेमन स्क्वीझी वगैरे. कागदोपत्री विकणारे ते, तुम्ही त्यांना पुरवणारे. शुल्क ५ टक्के आणि ५० सेंट, छोट्या वस्तूला महागच. पण युरोपातल्या गिऱ्हाइकाला डिजिटल वस्तू विकली की तिथला व्हॅट पहिल्या विक्रीपासून लागतो, तो ते भरतात. जर्मनीतून मागणी वाढली तर विचार करा.

खामल्याचा_बाळू

जर्मनीतून मागणी आली तर श्टेफानचं नाव सांगा, घरचा माणूस आहे.

क्रिप्टो_राजा

एवढं सगळं कशाला? डॉलर कॉइन, म्हणजे डॉलरच्या भावाचं क्रिप्टो नाणं घ्या, दोन मिनिटांचं काम.

ताळेबंद

दोन मिनिटं, आणि ३० टक्के कर, आणि विकताना १ टक्का टीडीएस. २०२२ पासून. गिरवणारींच्या गिऱ्हाइकांना आधी वॉलेट शिकवायचं की 'ळ'?

एक_शंका

दर महिन्याला नवा संच, अशी वर्गणी ठेवली तर? २०२१ मध्ये माझी सगळी परदेशी सबस्क्रिप्शनं बंद पडली होती.

जुना_मिहानकर

ते भारतीय कार्डांचं होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापायच्या रकमेला आधी सूचना आणि संमती लागते, ओटीपीशिवायची मर्यादा आधी ५,००० होती, मग १५,००० झाली. बाहेरच्या कार्डांना हा नियम नाही. पण सगळ्या गेटवेंत बाहेरच्या कार्डाची वर्गणी चालत नाही, आधी विचारा.

अक्षरवेडे_आजोबा

मला 'ळ' मिळाला. तीस पानं छापली. नातू म्हणतो, आजोबा गृहपाठ करतात.

गिरवणारी

तीन आठवड्यांनी परत आले, काय झालं ते सांगायला. कुणी विचारलं नसलं तरी.

गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंद) केला. म्हणजे कामाला थोडीच माणसं असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, पावती मिळते. माझ्याकडे माणसं एक, मीच. उद्यमची (लघुउद्योगाची) नोंदणी फुकट झाली. हे दोन कागद घेऊन चालू खातं उघडायला गेले. काउंटरवरच्या मुलीने व्यवसाय काय विचारलं, मी म्हटलं "अक्षरं". ती म्हणाली, "स्टेशनरी लिहू?" शेवटी 'शैक्षणिक साहित्य, डिजिटल' असं लिहून घेतलं. पर्पज कोडही बाळूभाऊंचं ऐकून मी स्वतः विचारून, वाचून, मग सही केली. ती म्हणाली, "मॅडम, इतकं कोणी वाचत नाही." मी म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका माणसाचं कुटुंब जर्मनीत आहे.

गेटवेने पहिल्यांदा वेबसाइट परत पाठवली. परताव्याचं पान नव्हतं. दुसऱ्यांदा पत्ता अर्धवट होता. तिसऱ्यांदा झालं. सोमवारी ऑस्टिनहून पहिलं कार्ड आलं, हातात ४०५ नाही, ४०३. दोन रुपये कुठे गेले ते मिहानकर सांगतील.

मावशींच्या पद्धतीने मात्र गेल्या तीन आठवड्यांत सतरा जणींनी यूपीआय केलं. सतरा. मी वेबसाइटवर क्यूआर सगळ्यात वर लावला आहे आणि कार्डाचं बटण खाली. आणि ती निमंत्रणाची पत्रिका? अजून नाही आली.

जुना_मिहानकर

दोन रुपये डॉलरच्या दरात गेले. घेताना एक दर, देताना एक. तेवढं सोडून द्या, खूप केलंत.

मेलबर्नची_मावशी

सतरातल्या सहा माझ्या. कमिशन म्हणून जोडाक्षरांचा संच पाठव.

गिरवणारी

पाठवला मावशी.

आणि आत्ताच एक नवीन प्रश्न उभा राहिला. ऑस्टिनच्या त्या पहिल्या ग्राहक बाईंचा ईमेल आहे. म्हणतात, आम्हाला हिंदी हवं होतं, लिपी सारखी दिसली म्हणून घेतलं, पण यात एक आठासारखं अक्षर आहे ते मुलाच्या हिंदीच्या पुस्तकात नाही, पैसे परत करा. मी माझ्याच परताव्याच्या पानावर "सात दिवसांत परतावा" असं लिहून ठेवलंय. लिहिल्याशिवाय मंजुरी मिळत नव्हती! आणि आता गेटवे सांगतो, परतावा करा, पण कापलेलं शुल्क आम्ही परत देत नाही. म्हणजे माझ्या खिशातून सतरा रुपये.

ताळेबंद

परत द्या. सतरा रुपये खर्चात दाखवा.

पुण्याचा_पाहुणा

हिंदीवाल्यांसाठी 'ळ' वगळून संच काढा. ५ डॉलरऐवजी ४.९०.

तर्री_पोहे

बाकी सगळ्याचे देऊन टाक ताई. पण 'ळ' चे पैसे परत देऊ नोको बाप्पा. अकरा वेळा काढला हाये तो.